उद्या पहाटे पुन्हा

दादासाहेब फाळक्यांचं नाव निघालं की सगळ्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर, भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. मला मात्र त्याच्या आदल्या वर्षीची त्यांची एक चिमुकली फिल्म जास्त जवळची वाटते. तिच्यात नट नाही, कथा नाही. कुंडीत वाटाणा पेरलाय, तो उगवतो, वर येतो, त्याचा वेल होतो, आणि फिल्म संपते. लंडनहून आणलेला विल्यम्सन कॅमेरा त्या कुंडीसमोर पक्का करून फाळक्यांनी दिवसागणिक थोड्या थोड्या चौकटी टिपल्या. महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर आली. ती पाहूनच पैसेवाल्यांना विश्वास वाटला आणि ‘हरिश्चंद्रा’साठी कर्ज उभं राहिलं.

त्या माणसाची तोवरची वाट बघा. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत असताना प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी धरली आणि स्वदेशीच्या काळात सोडली. छापखाना काढला, ब्लॉक करण्यात नाव मिळवलं, रंगीत छपाई शिकायला थेट जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं आणि स्वतः उभा केलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीचं, घरात लहान मुलं. अशात मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. रात्रंदिवस चित्रपट बघणं, यंत्रं खोलणं, पुस्तकं वाचणं. झोप गेली, डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधारानं नजर परत आली. ओळखीच्यांना वाटू लागलं की यांना वेड लागलंय. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले.

हातात कॅमेरा आल्यावर अशा माणसानं पहिल्यांदा काय करावं? तर एका कुंडीसमोर बसावं. कर्ज मिळवण्याची ती युक्ती होती असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी काही दिसतं. वाटाणा किती वाढला हे टिपायचं तर उद्या उठावं लागतं. त्याच जागी, कॅमेरा तसूभरही न हलवता. परवा पुन्हा. मागचं सगळं विस्कटलेल्या माणसाला त्या कुंडीनं रोज हजर राहायला लावलं. आपल्या सिनेमाचा जन्म मी त्या कुंडीपाशी धरते.

हे मी एवढ्या खात्रीनं म्हणते, कारण आमचाही एक छापखाना होता.

जुन्या नाशकात, मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत, राहत्या घराच्या तळमजल्यावर. एक मिनी ऑफसेट, एक कटिंग मशीन, एक कॉम्प्युटर. मशीन नवरा चालवायचा, मॅटर मी लावायचे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांच्या पावत्या. श्रीलिपीत टाइप करायचं, कोरल ड्रॉमध्ये मांडणी करायची, प्रूफ काढायचं, आणि मुलाच्या आत्याचं नाव राहिलं म्हणून रात्री दहाला फोन आला की पुन्हा बसायचं. लग्नसराईवर आमचं सगळं वर्ष चालायचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून तयार झालेल्या पत्रिका तशाच पडून राहिल्या. त्यांच्यावरचे मुहूर्त एकेक करून उलटून गेले. कागदवाल्याची उधारी होती, मशीनचे हप्ते होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नवरा गेला. त्याबद्दल इथे एवढंच लिहिते.

मशीन विकलं. ते खोलून टेम्पोत चढवत होते तेव्हा मी वर स्वयंपाकघरात थांबले. हप्ते फिटले, उधारी बरीचशी फिटली. मुलगा नोकरीसाठी परगावी. मी एका दुकानात दुपारनंतर हिशेब लिहायचं काम धरलं. डॉक्टरांकडे गेले, गोळ्या घेतल्या, त्यांनी मोडकीतोडकी का होईना झोप परत आणली. त्या गोळ्यांची मी आजही ऋणी आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी त्या घ्यायलाच हव्यात. पण एक गोष्ट कशानंच परत येईना. लोक दुःखाबद्दल बोलतात तेव्हा रडण्याबद्दल बोलतात. रडणं मला सोपं गेलं. कॅलेंडर बघणं जड जायचं. पुढच्या महिन्यात काय करणार आहेस, असं कोणी विचारलं की उत्तर सोडाच, तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. कालचा दिवस आणि आजचा दिवस यांत फरक उरला नव्हता, मग उद्याचा वेगळा कुठून असणार? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुढच्या तारखा छापत आलेल्या बाईकडे स्वतःची एकही तारीख शिल्लक नव्हती.

पुण्यात माझी भाची तेव्हा जनसंवादाचा अभ्यासक्रम करत होती. तिला एका छोट्या फिल्मसाठी आवाज हवा होता. तिच्या वसतिगृहात वरच्या टाकीतून चोवीस तास पाणी, त्यामुळे तिथे तो मिळेना.

“मावशी, तुमच्याकडे अजून पहाटेच पाणी येतं ना? पाणी यायच्या आधी नळ कसा वाजतो, तेवढं रेकॉर्ड करून पाठव. फोन नळापासून वीतभर लांब धर. आणि मध्ये बोलू नकोस हं.”

पहाटे मी जागीच असायचे. नळ उघडा ठेवून फोन धरून बसले. पाणी येण्याआधी पाइपात अडकलेली हवा पुढे रेटली जाते. आधी खोलवर घरघर, मग बारीक शीळ, मग दोन-चार आचके, आणि मग धार. इतकी वर्षं त्याच नळाखाली मी कळश्या भरल्या होत्या, पण शीळ आधी आणि आचके नंतर हा क्रम मला ठाऊक नव्हता. भाचीला आवाज पसंत पडला. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला.

“मावशी, अगदी सुरुवातीला, शीळ यायच्या आधी, लांब कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटतंय. ते काय आहे?”

ती होती व्हॉल्व्हची चावी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक चेंबर आहे. महापालिकेचा माणूस पहाटे येतो, झाकण उचलतो, छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी आत घालतो आणि फिरवतो. मग गल्लीला पाणी येतं. त्यांना सगळे पाणीवाले काका म्हणतात. त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी आलं की खिडकीतून विचारणं, एवढंच. भाचीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी फोन घेऊन खाली उतरले.

“काका, हे फिरवताना थोडं शूट करू का?”

“करा की ताई. पण उजेड कुठंय?” ते म्हणाले. “ह्यापेक्षा उद्या वरच्या चढावर या. तिथं जाईस्तोवर तांबडं फुटतं.”

“उद्या येते,” मी म्हणाले. घरी येऊन चहा टाकला आणि मग लक्षात आलं की आपण हा शब्द उच्चारून किती महिने झाले असतील.

पुढचं सगळं त्या ‘उद्या येते’मधून निघालं. जुनं नाशिक टेकाडांवर वसलेलं आहे. गंगापूर धरणातून निघालेलं पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून पहाटे गल्लोगल्ली उतरतं. खालच्या आळीला ते धावत जातं, चढावरच्या घरांपर्यंत पोचताना दमतं. म्हणून कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे सोडायचा याचा हिशेब काकांच्या डोक्यात असतो. खालच्या आळीला सात आटे, मधल्या गल्लीला अकरा, वरच्या वाड्यांना पूर्ण. सणाच्या दिवशी हिशेब वेगळा. कुणाच्या घरी कार्य असेल तर वेगळा. एखाद्या घरी माणूस गेलं असेल तर त्या गल्लीचं पाणी ते थोडं लवकर सोडतात, कारण आंघोळी असतात. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. मी त्यांना विचारलं, आमच्या घरी ते झालं तेव्हाही असंच केलंत का? ते झाकण बसवत होते. “केलं ना,” म्हणाले, आणि पुढच्या चेंबरकडे चालू लागले.

ते बोलणं मी चित्रित केलेलं नाही. फोन खिशात होता. पण फिल्म कशाबद्दल आहे हे मला तिथे कळलं.

फोननं चित्रण करताना काय काय सांभाळायचं ते भाचीनं शिकवलं. फोन आडवा धर. फ्लाइट मोडवर टाक. पडद्यावर बोट दाबून ठेव म्हणजे उजेड लॉक होतो, नाहीतर रस्त्यावरचा दिवा चौकटीत आला की सगळं काळंठिक्कर होतं. श्वास रोखू नकोस, हळू सोड, हात कमी हलतो. तिपाई नव्हती, म्हणून कागदाच्या रिमांवर फोन टेकवून ठेवायचे. कोरे कागद घरात पुष्कळ होते. पहाटेचा निळा उजेड फार थोडा वेळ टिकतो. दिवे अजून जळत असतात आणि वर आभाळ निळं होत असतं, त्या वेळात माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि एक निळी दिसते. तो उजेड हुकला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, आणि हे थांबणंच माझ्या कामाचं होतं. आजचा शॉट हलला, उद्या पुन्हा. आज ढग आले, उद्या. आज काकांची सुट्टी, बदलीवाल्याची चाल वेगळी, म्हणजे उद्याच. मन रमवायला छंद लाव, असा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला होता. त्यांचा हेतू चांगला होता, पण रमणं मला जमणारं नव्हतं. मला हवं होतं अपुरं राहिलेलं एखादं काम, जे माझ्यावाचून अडलंय. चित्रपट हे असं काम आहे की ते रोज संध्याकाळी अपुरंच राहतं.

आता सरस्वतीबाईंबद्दल लिहायलाच हवं. फाळक्यांच्या या दुसऱ्या पत्नी. कोरी फिल्म तेव्हा छिद्रं न पाडलेली यायची. ती कॅमेऱ्यात पुढे सरकावी म्हणून दोन्ही कडांना छिद्रं पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई करत. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं लागतात आणि एका फुटात सोळा चौकटी बसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट सांगितली जाते. मला छपाईच्या हिशेबाची सवय, म्हणून एका रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. तयार चित्रपटापुरतं धरलं तरी पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रं होतात. मूळ निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली वेगळी. यंत्र होतं, पण यंत्राला फिल्म भरवणारे हात त्यांचे. दिवसा सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, रसायनं कालवायची, आणि रात्री ही छिद्रं. दागिनेही त्यांचेच गेले. तारामतीच्या भूमिकेला एकही बाई मिळेना आणि शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं ती केली, हे आपण शाळेत शिकतो. त्या चित्रपटात एक बाई पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत होती, हेही शिकवायला हवं.

‘हरिश्चंद्र’ लागला त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि काम आमच्या नाशकात हलवलं. इथल्या ‘मोहिनी भस्मासुरा’त पहिल्यांदा बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोरीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत पोट भरणाऱ्या. १९१३ साली अशा बाईकडे लोक कसे बघत असतील हे मला कुणी सांगायला नको. त्यांची ही फिल्म याच गावात झाली, हे आठवून माझी पाठ ताठ होते.

माझी फिल्म मी आमच्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवर जोडली. तो विकला नव्हता, त्याला कुणी किंमतच देईना. भाचीनं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. तुकडे लावायला बसले आणि हात आपोआप चालू लागले. पत्रिकेत कुठलं नाव आधी, कुठलं मोठं, कुठे जागा मोकळी सोडायची, कुठली ओळ खाली ढकलली तर वरची श्वास घेते, हे मी वर्षानुवर्षं करत आले होते. दोन शॉटच्या मध्ये किती थांबायचं हा प्रश्न मला नवा वाटला नाही. पाट्या मी स्वतः लावल्या. अक्षरांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. रात्री दीड-दोन वाजायचे. त्या खोलीत मशीनच्या जागी जमिनीवर शाईचे डाग आहेत, ते घासून निघत नाहीत. त्या डागांशेजारी बसून मी काकांच्या चावीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होते, की तो झाकणाच्या आवाजाला कुठे मिळतो. तिथे बसून काहीतरी तयार होत होतं, एवढ्यानं ती खोली मला परत मिळाली.

आमच्याच जिल्ह्यात मालेगाव आहे. यंत्रमागांचं गाव. तिथे नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसानं २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. नटमंडळी गावातलीच, पैसे नावालाच, क्रेनच्या जागी बैलगाडी आणि ट्रॉलीच्या जागी सायकल. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. तो होताना फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. तो मी भाचीच्या लॅपटॉपवर पाहिला. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक पोरगा. त्याला तोंडाचा कर्करोग होता, त्यातच तो पुढे गेला. हा माहितीपट बघताना लोक खूप हसतात. हसण्यासारखं त्यात आहेच, त्या माणसांनाही लोकांना हसवायचंच होतं. पण मी बघत होते त्या मंडळींचं झपाटलेपण. आठवडाभर मागाच्या खडखडाटात उभं राहायचं, शुक्रवारी माग बंद, त्या दिवशी सिनेमा. ज्या गावाचं नाव बाहेरच्यांनी दंगल आणि स्फोट यांच्याशीच जोडून ठेवलंय, त्या गावातली माणसं लाल चड्डी घातलेल्या हिरोला हवेत कसं उडवायचं यावर जीव तोडून वाद घालतात. तो वाद जोवर चालू आहे तोवर त्या गावाला पुढचा शुक्रवार आहे. अशा चित्रपटांना नक्कल म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी आता भांडते.

त्यांच्याकडे पाहून आणखी एक गोष्ट समजली. कविता एकटीनं लिहिता येते, चित्र एकटीनं काढता येतं. फिल्म करायची तर दार वाजवावं लागतं. मला खालच्या आळीतल्या आजींकडे जावं लागलं, कारण पहाटे सगळ्यांत आधी त्यांच्या नळाला पाणी येतं. त्यांच्या ओट्यावर कॅमेरा लावायचा तर आधी चहा प्यावा लागला, चहा प्यायचा तर बोलावं लागलं. वरच्या वाड्यातल्या मुलानं गच्चीची किल्ली दिली. दूधवाल्यानं गाडी थोडी पुढे लावायचं कबूल केलं. नवरा गेल्यावर हेच लोक भेटायला आले होते आणि मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले होते. आता माझ्याकडे त्यांना मागण्यासारखं काहीतरी होतं. सांत्वन घेणारी बाई आणि मदत मागणारी बाई यांत मोठा फरक आहे. दुसरीच्या हातात काम असतं, आणि समोरच्यालाही काय बोलावं याची पंचाईत पडत नाही.

फिल्म अकरा मिनिटांची झाली. गणेशोत्सवात मंडळानं ती आरतीनंतर दाखवली. मंडपाच्या बाजूला पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर. काका सहकुटुंब आले होते. खुर्ची देऊनही बसले नाहीत, शेवटपर्यंत उभे. संपल्यावर म्हणाले, “मधल्या गल्लीचा व्हॉल्व्ह घासतोय ताई, आवाजात कळतंय. सांगतो ऑफिसात.” मला याहून मोठी पावती नको होती, ती फिल्म त्यांच्या उपयोगाची होती. खालच्या आळीतल्या बायकांनी मात्र त्यांना गाठलं. वरच्यांना पूर्ण आणि आम्हाला सातच आटे का? काकांनी चढ-उताराचा सगळा हिशेब त्यांना पुन्हा समजावून सांगितला. बायकांना तो पटला नाही. त्या रात्री गल्लीत पाण्यावरून भांडण झालं, पण पहिल्यांदाच सगळ्यांना पाणी कुठून कसं येतं हे माहीत असताना झालं.

त्या फिल्ममधून माझे पैसे सुटले नाहीत. राहिलेली उधारी मी दुकानातल्या पगारातून फेडते आहे. फिल्म दोन-तीन ठिकाणी पाठवली, एका ठिकाणी दाखवली गेली, बाकीच्यांकडून काही कळलं नाही. नवऱ्याची आठवण कमी झाली नाही आणि व्हावी अशी इच्छाही नाही. एप्रिल आला की अजूनही मला बरं नसतं. बदललं ते एवढंच, की एप्रिलनंतर मे असतो हे मला आता ठाऊक असतं, कारण मे महिन्यात मला काहीतरी चित्रित करायचं असतं. सध्या तांबट आळीतल्या आवाजांवर काम चालू आहे. पितळेवर हातोडी आणि तांब्यावर हातोडी यांचे आवाज वेगळे आहेत. ते लावताना अजून माझं समाधान होत नाही.

फाळक्यांचं शेवटचं आयुष्य फार ओढग्रस्तीचं गेलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते याच नाशकात वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, बाग आहे, लोक रविवारी मुलांना घेऊन जातात. तिथे वाटाण्याचा एक वेल लावावा आणि त्याच्याशेजारी त्या फिल्मची हकिगत लिहावी, असं मला मनापासून वाटतं. मुलं ‘हरिश्चंद्र’ बघतील न बघतील, वाटाणा त्यांना लगेच कळेल.

हे वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असं एखादं माणूस असेल, ज्याचं कुणीतरी गेलंय, ज्याचं दुकान बुडालंय, जे दिवसभर फोन हातात घेऊन नुसतं बसलेलं असतं. त्याला धीर देऊ नका, तो सगळ्यांनी देऊन झालेला असतो. त्याच्याकडे काहीतरी मागा. तुमच्या दारातल्या चिंचेवर पोपट कधी येतात ते मला चित्रित करून दे, तुझ्या आईची भाकरी थापताना फिल्म करून दे, गिरणीचा पट्टा कसा चालतो ते दाखव. खरोखर हवं असेल तेच मागा. आणि बघायला कधी येऊ ते विचारून तारीख ठरवा. मग त्या तारखेला जा.